अंगावरचं दूध आणि मुलीचे पाय

माझ्या मुलीला नसांवरचं आवरण झिजण्याचा आजार आहे. पाय बधिर पडतात. गरोदरपणात मात्र ती भांडुपच्या आमच्या इमारतीचे तीन जिने न थांबता चढायची. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात पुन्हा पाय ओढू लागली. मला वाटलं, बाळंतपणाचा वात असेल. मी शेक वाढवला, तर उष्णतेने उरलंसुरलं बळही गेलं.

डॉक्टर म्हणाले, "गरोदरपणातली हार्मोन्स हा आजार आवरतात. दूध आणणारं हार्मोन तर उंदरांमध्ये ते आवरण दुरुस्त करायलाही मदत करतं."

जन्मभर मासळी विकलीय मी, बोलण्यातली खोट लगेच कळते. "दूध तर हिला अजून येतंय. मग पाय का गेले?"

"माणसांत ते अजून नक्की कळलेलं नाही."

"म्हणजे उंदीर बरे, आणि माझी पोर तशीच? तेच हार्मोन द्या की!"

"तसं औषध नाही. जे आहे, ते घेताना बाळाला अंगावर पाजता येणार नाही."

"मग औषध अर्धं द्या. अर्धं दूध पाजेल ती."

"आई, इथे तरी घासाघीस नको गं!" मुलगी वैतागून म्हणाली. "बाळाला वरचं दूध सुरू करू. मला उद्या त्याच्यामागे धावायचंय."