प्यायलेला नव्हता

लोक त्याला धाकटे फादर म्हणत. थोरले फादर अजून खंबीर होते, फक्त गुडघे गेले होते. त्यामुळे चर्चमधली सकाळी साडेसहाची मिस्सा धाकट्यानं करायची, इस्पितळातल्या आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद धाकट्यानं न्यायचा, आणि सभागृहातला पंखा खडखडतो म्हणून वायरमनच्या मागे लागायचं तेही धाकट्यानंच. वय एकोणतीस. चेहरा असा, की म्हाताऱ्या बाया पहिल्याच भेटीत सगळं दुखणंखुपणं सांगून मोकळ्या होत. येऊन महिना झाला नाही तोच ‘गोड माणूस आहे हो’ असा बोलबाला झाला. गोड माणसाच्या पोटात काय आहे, ते कोणी पाहिलं नव्हतं.

त्याच्या तिसऱ्या रविवारी धर्मग्रंथातलं पहिलं वाचन करायला एक म्हातारे गृहस्थ उठले. इस्त्रीचा कोट, पांढरेशुभ्र केस, ताठ मान. त्यांनी घसा साफ करून पहिली ओळ वाचली आणि वेदीजवळच्या खुर्चीत बसलेल्या फादरच्या अंगावर काटा आला. हा आवाज त्यानं वीस वर्षांपूर्वी ऐकला होता. कारखान्याच्या ऑफिसबाहेर, बाकावर, आईला चिकटून बसलेला असताना. पार्टिशनच्या पलीकडून हाच आवाज, असाच शब्दन्‌शब्द तोडून म्हणाला होता, “साहेब, सकाळपासून त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.”

ज्याच्या तोंडाला वास येत होता, तो फादरचा बाप. प्रेस मशीनवर कामाला होता. काम झपाझप उरकावं म्हणून, हा आवाज ज्याचा त्या फोरमननंच, हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावलेली जाळी काढायला लावली होती. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. चौकशी झाली तेव्हा जाळीचं नाव कोणी काढलं नाही. दारूचं निघालं. ज्या माणसानं जन्मात बाटलीचं बूच उघडलं नव्हतं, त्याची नोकरी दारुडा म्हणून गेली. आळीतली पोरं त्याला पाहिलं की झोकांड्या खात चालून दाखवायची. पुढं आई वारली, तेव्हा मयताला आलेली एक बाई हळहळून म्हणाली, “बिचारीनं दारुड्याचा संसार केला.” ते वाक्य फादरच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं होतं.

त्यानं नोंदवही उघडून पाहिलं. नाव तेच. फोरमन आता निवृत्त होता, चर्चच्या समितीचा अध्यक्ष होता, आणि सगळ्यांचा लाडका होता.

मग धाकट्या फादरनं सुरुवात केली. आधी वाचकांच्या यादीतून फोरमनचं नाव गेलं. “आता तरुणांना संधी देऊ या,” फादर हसून म्हणाला. समितीच्या बैठकीत फोरमननं तोंड उघडलं की फादर घड्याळ बघायचा. फोरमनच्या बायकोला ताप आला तेव्हा तो सगळ्या आजाऱ्यांकडे जाऊन आला आणि त्यांच्याकडे अगदी शेवटी गेला. ती माउली म्हणाली, “फादर, तुमची किती धावपळ होते!” तेव्हा त्याला क्षणभर आपलीच लाज वाटली. फक्त क्षणभर.

स्वतःचं पापनिवेदन करायला तो दूरच्या चर्चमधल्या एका वयस्कर फादरकडे जायचा.

“सुडाचे विचार येतात, फादर.”

“किती वेळा?”

“जेवणाच्या आधी आणि जेवणानंतर.”

“म्हणजे औषधासारखे! मग गुण येतोय का?”

“नाही.”

“मग डोस वाढवू नकोस, बाबा.”

पण डोस वाढवायची संधी आपल्या पायांनी चालत आली. फोरमनच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. आभाराची मिस्सा ठेवायची होती. “फादर, प्रवचनात आमच्याबद्दल चार शब्द बोला,” म्हातारा हात जोडून म्हणाला.

“बोलतो ना. अगदी मनापासून बोलतो,” फादर म्हणाला.

त्यानं प्रवचन लिहिलं. फाडलं, पुन्हा लिहिलं. त्यात जाळी होती, बोटं होती, आई होती. भर चर्चमध्ये, मुलासुनांसमोर, हार घालून बसलेल्या त्या माणसाची पुरती जिरवायची. लिहिताना त्याला असं सुख वाटत होतं, की गेल्या कित्येक महिन्यांत प्रार्थनेनंही तसं वाटलं नव्हतं.

सोमवार त्याच्या सुट्टीचा. तो कागद घेऊन बापाकडे गेला. बाप खुर्चीची सैल झालेली पट्टी ताणून बांधत होता. डाव्या हातानं धरायचं, उजव्याच्या अंगठ्यानं दाबायचं, करंगळीनं ओढायचं आणि उरलेलं काम दातांनी.

“या फादर,” बाप म्हणाला. “मी तुझा बाप आणि तू माझा फादर. देवानंसुद्धा काय गोंधळ घालून ठेवलाय!”

मुलानं कागद वाचून दाखवला. बाप ऐकत राहिला. पट्टी हातातून सुटली तरी त्याला कळलं नाही.

“तो तुझ्याच चर्चमध्ये आहे? आणि हे तू मला आज सांगतोस?”

“बाबा, रविवारी मी त्याला उभा सोलतो.”

“तू कोण सोलणार?” बाप एकदम तडकला. “बोटं तुझी गेली का? दारुडा तुला म्हणाले का? वेदी तुझी आहे, भांडण माझं आहे. ते भाषण चुलीत घाल. रविवारी मी येतो.”

“येऊन काय करणार?”

“मिस्सा ऐकणार. ख्रिस्ती माणूस आहे मी.”

रविवारी चर्च भरलं होतं. बाप शेवटच्या बाकावर बसला होता. फादरनं संसारातल्या धीराबद्दल कसंबसं पाच मिनिटं प्रवचन केलं, त्यात फोरमनच्या बायकोचंच कौतुक जास्त झालं. मग शांतिविधीची वेळ आली. फादर म्हणाला, “एकमेकांना शांती द्या,” आणि लोक शेजाऱ्यांशी हात मिळवायला वळले.

बाप बाकातून बाहेर आला. मधल्या वाटेनं सावकाश चालत थेट पहिल्या रांगेपर्यंत गेला आणि त्यानं उजवा हात पुढं केला.

फोरमननं सवयीनं हसत हात हातात घेतला. मग त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. आपल्या मुठीत काय आलंय ते त्यानं खाली बघितलं. सोडवून घ्यायला गेला, पण त्या अंगठ्यात नि करंगळीत वीस वर्षांची ताकद होती.

“शांती असो,” बाप म्हणाला. “मी प्यायलो नव्हतो.”

आवाज चढवला नव्हता, तरी पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं. फोरमनची बायको गोंधळून म्हणाली, “अहो, हे कोण?”

“यांना विचारा,” बाप म्हणाला. “यांना सगळं पाठ आहे.” मग त्यानं हात सोडला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

वेदीवर उभ्या धाकट्या फादरला पुढची प्रार्थना सापडेना. पुस्तक उघडंच होतं. ख्रिस्तप्रसाद घ्यायला अख्खं चर्च उठलं, फोरमनची मुलं, सुना, नातवंडंसुद्धा. फोरमन तेवढा गळ्यातल्या हाराखाली मान घालून बसून राहिला.

त्यानंतर दोन रविवार तो आला नाही. मग त्याच्या बायकोचा निरोप आला, फादरनं घरी यावं. फादर गेला. म्हातारा दोन आठवड्यांत दहा वर्षांनी थकला होता. बायको खिडकीपाशी त्याच्याकडे पाठ करून उभी होती. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच तिनं नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं.

“तुम्ही त्याचा मुलगा,” फोरमन म्हणाला. “कपाळ तेच आहे. मला आधीच कळायला हवं होतं. फादर, मी लिहून देतो.”

“द्या.”

त्यानं लिहिलं. फादरनं उभ्या उभ्या वाचून कागद परत त्याच्यापुढं ठेवला.

“‘कदाचित प्यायलेला नसावा’? कदाचित खोडा. नसावा नाही, नव्हता.”

म्हाताऱ्यानं खोडलं.

“खाडाखोड नको. नवा कागद घ्या. आणि जाळी कोणी काढायला लावली, तेही लिहा.”

तीन कागद झाले. फादर खुर्ची असूनही बसला नाही, घोटभर पाणीही प्यायला नाही. सही झाल्यावर फोरमन पुटपुटला, “मला क्षमा आहे ना, फादर?”

“देवाचं विचाराल तर आहे, ते मी त्याच्या वतीनं सांगतो,” फादर म्हणाला. “माझ्या बापाचं मला ठाऊक नाही. त्याला तुम्ही जाऊन विचारा. दोन जिने चढावे लागतात.”

तो तिथून निघाला तो तडक बापाकडे. बापानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत मुलाच्या हातात दिला.

“तू वाच. तुझा आवाज खणखणीत आहे.”

फादरनं वाचायला सुरुवात केली.

“थांब. आधी दार उघड.”

दार उघडलं. संध्याकाळची वेळ होती. जिन्यावर येजा होती, समोरच्या बिऱ्हाडात भांडी वाजत होती. फादर उंबऱ्यात उभा राहिला आणि मोठ्यानं वाचू लागला. भांड्यांचा आवाज बंद झाला. वरच्या मजल्यावरून कोणी वाकून बघितलं, मग आणखी दोघं आली. कागद संपला.

“पुन्हा वाच,” आतून बाप म्हणाला. “आणि त्याचं नाव जरा सावकाश घे.”