साडूंच्या बोटीचं छत

माझ्या साडूंइतका पाण्याला भिणारा बोटमालक साऱ्या आखातात दुसरा झाला नसेल. साडू मूळचे बार्शीचे. तिथे पाणी म्हणजे नळाला कधी येतं याची वाट बघायची गोष्ट. त्यात पडून बुडण्याइतकं ते एका जागी कधी साचत नाही, असं ते स्वतःच सांगत. पोहता येत नाही. बहरीनमध्ये एवढी वर्षं काढली, पण झल्लाकच्या किनाऱ्यावर आम्ही सगळे पाण्यात उतरलो की हे बूट-मोजे घालून वाळूत उभे, आणि हातात सगळ्यांचे चष्मे. अशा माणसाने नोकरीची शेवटची वर्षं एका म्हाताऱ्या लाकडी बोटीच्या दुरुस्तीत घालवली, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना पटत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनाही ते पुरतं पटलेलं नव्हतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. हुद्दा इमारतींच्या एसी यंत्रणांचे इंजिनियर, मुक्काम सनाबिस. मुहर्रकच्या बाजूला समुद्रात भर घालून वसवलेल्या बेटांवर बंगल्यांच्या रांगांमधून कालवे काढलेले आहेत. तिथल्या एका वसाहतीत हे एसी बघायला गेले. रहिवाशांना कालव्यातून फिरवून आणणारी एक जुनी बोट तिथे धक्क्यावर ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली होती. सपाट तळाची, वर बसकं छत, दोन्ही बाजूंना बाकं. तिच्या जागी फायबरची नवी बोट आली होती आणि हिची लाकडं सुटी करायचं ठरत होतं. साडू एसी विसरले. त्या संध्याकाळी त्यांनी घरी दिलेली बातमी ताईंनी आम्हाला नंतर जशीच्या तशी ऐकवली.

"आज एक वस्तू घेतली," साडू म्हणाले.

"केवढी?"

"मोठी आहे."

"फ्रीजपेक्षा?"

"फ्रीज आत मावेल," असं म्हणून ते हात धुवायला गेले.

त्यानंतर साडूंचा सुटीचा प्रत्येक शुक्रवार त्या धक्क्यावर जाऊ लागला. सकाळी उन्हं चढायच्या आत पोचायचं, लाइफ जॅकेट चढवायचं आणि बोटीत शिरायचं. बोट जमिनीवर, पाणी वीस पावलांवर, आणि हे गृहस्थ केशरी जॅकेट आवळून आत फळ्या ठोकत बसलेले. मी एकदा न राहवून विचारलं. म्हणाले, "सवय असलेली बरी. ऐन वेळी बंद सापडत नाहीत." फळी तपासायची त्यांची पद्धत जुन्या डॉक्टरांसारखी होती. एक कान लाकडाला लावायचा, दुसऱ्या बाजूने बोटाच्या पेराने टकटक करायची आणि डोळे मिटायचे. मग गंभीर चेहऱ्याने निदान व्हायचं: ही आतून गेली आहे, पण अजून तिला सांगू नका. एक फळी काढली की तिच्या शेजारची कुजलेली दिसे, ती काढली की तिच्याखालची आडवी तुळई. वर्षभरात बोटीपेक्षा बोटीतून काढलेल्या लाकडांचा ढीग मोठा दिसू लागला. जेट्टीवरचा रखवालदार नव्या माणसांना ढिगाकडे बोट दाखवून "ये पुराना बोट, वो नया बोट" असं समजावून सांगत असे.

बोटीने त्यांच्या बोलण्यातही शिरकाव केला होता. कोणाकडेही जेवायला गेले तरी आधी मोरीतला नळ बघणार, आणि वाटीतली आमटी ताटात सांडली तर ती कुठल्या दिशेने वाहते याकडे लक्ष देणार. माशाच्या तेलाचा वास त्यांच्या कपड्यांतून, गाडीतून आणि पुढेपुढे पाकिटातल्या नोटांतूनही येऊ लागला. मराठी मंडळाच्या गणपतीच्या आरतीला एरवी उभं राहायला जागा नसते, पण साडूंच्या चहूबाजूंना हातभर मोकळी जागा असायची आणि ते टाळ अगदी ऐसपैस वाजवायचे.

तेलाचं कारण असं, की लाकडी बोटीच्या दोन फळ्यांमधल्या फटीत तेलात भिजवलेल्या कापसाच्या वाती ठोकून भरतात. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं, कापूस फुगतो आणि फट बुजते. हा कापूस बाजारात मिळतो. पण साडूंचं मत पडलं की त्या कापसात पूर्वीचा चिवटपणा राहिलेला नाही. एके दिवशी ताईंनी पलंगाखालची पेटी उघडली, तर लग्नात माहेरून आलेली गादी चपट्या खोळीच्या रूपात घडी घालून ठेवलेली. ताईंनी आरडाओरडा केला नाही, त्यांचा तो स्वभावच नाही. आमच्याकडे येऊन चहा घेतला आणि बहिणीला शांतपणे म्हणाल्या, "बाबांनी पिंजाऱ्याला समोर बसवून करून घेतली होती. आता भोकं बुजवायला लावली."

खरं तर ताईंचं आणि बोटीचं त्याआधीच फाटलं होतं. ताई उंच आहेत. साडूंच्या शेजारी उभ्या राहिल्या की साडू फोटोत नेहमी अर्धं पाऊल पुढे येतात. बोट घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात साडूंनी त्यांना कौतुकाने दाखवायला नेलं. ताई आत शिरल्या आणि त्या बसक्या छताची तुळई त्यांच्या कपाळावर अशी बसली की त्या तशाच मागे फिरल्या. टेंगूळ उतरायला आठवडा लागला. "पुन्हा त्या खोक्यात मी पाऊल टाकणार नाही," त्या म्हणाल्या, आणि साडूंनी आर्जवं करूनही त्या तिकडे फिरकल्या नाहीत. शुक्रवारचा डबा मात्र न चुकता जायचा.

बोट अखेर पाण्यात उतरली त्या दिवशी साडू काठावर उभे राहिले आणि त्यांनी मला आत पाठवलं. पाणी आलं, पण बेताने. इंजिन चौथ्या खेपेला खोकलं आणि लागलं. मग वर्षभर बोट कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि परत यायची. पुढे पूल होता आणि पुलापलीकडे समुद्र. साडूंना समुद्राची काही घाई नव्हती.

घाई दुसऱ्याच बाजूने आली. साडूंची निवृत्ती ठरली. नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि परतीचं तिकीट निघतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच सुमाराला वसाहतीच्या ऑफिसातून निरोप आला की धक्का रिकामा हवा आहे. महिनाअखेरपर्यंत बोट कालव्याबाहेर न्या, नाहीतर आम्ही ती मोडीत काढू. पुलापलीकडे समुद्राच्या तोंडाशी एका वयस्कर बहरिनी गृहस्थांचा छोटा धक्का होता. सगळे त्यांना हाजी म्हणत. तरुणपणी मासेमारी केलेला माणूस. येताजाता साडूंचं काम बघत थांबायचे आणि एखादा खिळा उचलून त्यांच्या हातात द्यायचे. ते म्हणाले, "मेरे पास रखो. मैं देखेगा." प्रश्न सुटला असं वाटलं, आणि साडू पुलाची उंची मोजायला गेले.

बोट पुलाखालून जात नव्हती. मूळची गेली असती, पण मधल्या काळात साडूंनी छत वीतभर उंच केलं होतं. ओहोटीला पाणी उतरलं की पुलाखाली जागा वाढे, पण पुरेशी नाही. पाणी सगळ्यात खाली असतानाही छत पुलाला चार बोटं अडे.

"छत पुन्हा खाली घ्या. एका दिवसाचं काम आहे," मी म्हणालो.

"नको."

"का नको?"

साडू बराच वेळ रंगाचा डबा ढवळत राहिले. मग म्हणाले, "तिला लागेल."

ती बोटीत येणारच नाही, हे मी बोललो नाही. तेही बोलले नाहीत.

तोडगा त्यांनीच काढला. बोटीत वजन भरलं की बोट खाली बसेल. मी वाळूची पोती सुचवली. साडूंनी ती तिथल्या तिथे नामंजूर केली. "पोती चढवावी लागतात, उतरवावी लागतात. माणसं आपापली चढतात आणि आपापली उतरतात." त्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर 'सहकुटुंब नौकाविहार व मसालेभात' असं आमंत्रण आलं. काही जणांना मात्र साडूंनी स्वतः फोन केला. पहिला फोन आमच्या दाताच्या डॉक्टरांना गेला. डॉक्टर आडव्या बांध्याचे आहेत. त्यांना फार बरं वाटलं. "एवढ्या लोकांत आधी माझी आठवण झाली," ते मला सांगत होते. मी म्हटलं, साडू तुमच्याशिवाय हा बेत करूच शकले नसते. ते खरंच होतं.

शुक्रवारी सकाळी वसाहतीच्या धक्क्यावर मंडळी जमली. साडूंनी प्रत्येकाला जॅकेट दिलं आणि लग्नाच्या पंगतीसारखं हाताला धरून जागेवर बसवलं. डॉक्टर मध्यभागी. हाजी आपली छोटी बोट घेऊन पुढे, दोर बांधून. साडूंनी त्यांना विचारलं, "हाजी, जाएगा ना?" हाजींनी पुलाकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "इंशाल्ला."

साडू माझ्या कानाशी आले. "हे हो म्हणून म्हणाले की नाही म्हणून?"

ताई बोटीत नव्हत्या. मसालेभाताचं पातेलं घेऊन त्या गाडीने पलीकडे जाणार होत्या. पण बहुधा त्यांनाही राहवलं नसावं. आम्ही पुलाशी पोचलो तेव्हा त्या शेजारच्या पायऱ्यांवर पातेलं ठेवून उभ्या होत्या.

"शुवय्या, शुवय्या," हाजी हळू चला म्हणून हात करत होते. बोटीचं पुढचं टोक पुलाखाली गेलं. मग वरून कर्रर्र असा आवाज आला आणि बोट थांबली. डॉक्टरांनी श्वास रोखून धरला. साडूंनी त्यांना तो घ्यायला सांगितला. पाणी भरतीचं होतं, हळूहळू चढत होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर बोट पुढेही गेली नसती आणि मागेही आली नसती. साडूंनी छतावर तळहात टेकला होता आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला दुसरीकडे बघावं लागलं.

पायऱ्यांवरून ताईंनी विचारलं, "किती पाहिजे?"

"अर्धं बोट," साडू म्हणाले.

ताईंनी पातेलं उचलून माझ्या हातात दिलं. मग चपला काढून पायरीवर नीट जोडून ठेवल्या, पदर खोचला आणि त्या बोटीत उतरल्या. आत शिरताना त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. दोन पावलं वाकून चालल्या, मग थांबल्या आणि सरळ उभ्या राहिल्या. डोक्याच्या वर चांगली चार बोटं जागा उरली होती. त्यांनी वर पाहिलं.

"हे कधी केलंत?"

"झालं वर्ष."

"बोलला नाहीत."

"तू येणार नव्हतीस ना," साडू म्हणाले.

त्याच वेळी हाजींनी दोर ओढला. छत पुन्हा करकरलं, रंगाचे पापुद्रे आमच्या डोक्यांवर पडले आणि बोट पुलाखालून सुटली. ताई उभ्याच होत्या. साडू त्यांच्या शेजारी. या खेपेला अर्धं पाऊल पुढे आले नाहीत.

पुढे समुद्र होता. सगळ्यांनी मसालेभात खाल्ला, पायाखाली घोटाभर पाणी साचलं आणि ताईंनी डाव घेऊन ते बाहेर फेकायला सुरुवात केली. साडू जन्मात पहिल्यांदा चहूबाजूंनी पाण्यात होते. जॅकेटचे बंद त्यांनी कधी सोडले ते मी पाहिलं नाही. हाजींच्या धक्क्याला माणसं उतरली तशी बोट चार बोटं वर आली. आता ती पुन्हा कालव्यात जाणार नव्हती, आणि दोन आठवड्यांनी साडूही इथे असणार नव्हते. विमानतळावर त्यांनी मला मिठी मारली तेव्हा कोटाला अजून तेलाचा वास होता.

आता ते तळेगावला सहाव्या मजल्यावर राहतात. हाजी शुक्रवारी नातवंडांना बोटीतून गळ टाकायला नेतात. परवा साडूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी येतं का अजून आत?"

"थोडं येतं," मी म्हणालो.

"थोडं येऊ दे म्हणावं हाजींना. अगदी कोरडी ठेवली तर फळ्या आकसतात." मग फोनवर पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. जरा वेळाने ताईंनी फोन घेतला आणि बहिणीची चौकशी केली.

हाजींना हे सांगायची गरज नव्हती. त्यांचा जन्म त्यात गेला आहे. तरी पुढच्या शुक्रवारी मी गाडी काढली, मनामाहून त्या धक्क्यापर्यंत गेलो आणि सांगून आलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.