शीतळेची पाखरं

लहानपणी मी हट्टी होते, आणि थोडी दुष्टही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

बडोद्यात पाणीगेटजवळच्या आमच्या घरामागे हातभर बाग होती. फाल्गुनात वालाच्या वेलावर मावा पडला, की त्याच्या मागोमाग ढालकिडे यायचे. मसुराच्या डाळीएवढे, लालभडक, पाठीवर काळे ठिपके. ते मावा खातात म्हणून बाबा त्यांना बागेचे राखणदार म्हणत आणि हात लावू देत नसत. शेजारच्या गुजराती काकींचं म्हणणं वेगळं होतं. "दीकरी, ए तो शीतळामानुं जीवडुं. एने मराय नहीं," असं त्या बजावत. देवीचा रोग आणते ती शीतळा. तेव्हा अंगभर ठिपके असलेलं पाखरू तिचंच असणार, असा त्यांचा तर्क.

मी दोघांचंही ऐकलं नाही. महाराजांनी मुलींनाही शाळा सक्तीची केली होती, आणि आमच्या भरतकामाच्या बाईंनी एकदा वर्गात एक जुनी चोळी आणून दाखवली होती. तिच्यावर भुंगेऱ्यांचे हिरवे पंख टाचलेले होते, खड्यांसारखे झळकत होते. आता शाळेत हस्तकामाचं प्रदर्शन भरणार होतं आणि मला तसेच पण लाल पंख हवे होते. रोज सकाळी मी ढालकिडे काड्यापेटीत गोळा करायची. ते मेले, की पाठीवरच्या टणक ढाली सुट्या करून बारीक सुईने पोलक्याच्या बाहीवर टाचायची. निम्म्या ढाली तडकायच्या. एका फुलाला बारा-बारा जीव लागायचे आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

एक बाही पुरी झाली त्याच आठवड्यात माझ्या चार वर्षांच्या भावाला ताप चढला. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ उठलं. आई हळूच म्हणाली, "देवी आल्या."

घर एकदम गप्प झालं. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद, मोठ्याने बोलणं बंद. आणि सुईही बंद, कारण घरात देवी असताना शिवणटिपण केलं तर ती सुई रोग्याच्या डोळ्यात जाते, असं आमच्याकडच्या सगळ्याच बायका मानत. मी पोलकं गादीखाली दडवलं. चोराच्या मनात चांदणं! आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं तरी मी त्या गादीवर जाऊन बसायची.

आठव्या दिवशी त्याच्या पापण्या सुजून मिटल्या. दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. जाताना ते बाबांना म्हणाले, "जिवाची भीती वाटत नाही. डोळ्यांचं मात्र सांगता येत नाही." मी दाराआड उभी होते. एवढं ऐकलं आणि परसात पळाले. त्यांनी पुढे बजावलं होतं, की पापण्यांना कशाचाही स्पर्श होऊ देऊ नका. ते ऐकायला मी थांबलेच नाही.

काकींचं खरं होतं. मी शीतळेची पाखरं मारली होती आणि शीतळा आता माझ्या भावाचे डोळे नेणार होती. काड्यापेटीत सात ढालकिडे अजून जिवंत होते. दुपारी आई न्हाणीघरात गेली तेवढ्यात मी पेटी त्याच्या उशाशी, कडुनिंबाच्या पाल्यावर उघडली आणि हात जोडले. "तुझी तू परत घे," म्हटलं.

दोन उडाले. बाकीचे पाल्यावरून उशीवर आणि उशीवरून त्याच्या गालावर चढले. तो कण्हत मान फिरवू लागला. एक किडा डाव्या पापणीच्या कडेला पोचला. मी घाबरून त्याला चिमटीत धरायला गेले आणि तो चिरडला. ढालकिडा दाबला की पिवळा, झोंबणारा रस येतो. मला ते चांगलं ठाऊक होतं, महिनाभर माझी बोटं पिवळी होती. तो रस पापणीच्या फटीत उतरला आणि भाऊ किंचाळला.

आई ओलेती धावत आली, तोवर बाकीचे किडे मी परकराच्या ओच्यात लपवले होते.

"काय झालं गं?"

"काही नाही. पाला टोचला."

खपल्या धरल्या, पडल्या. पापण्या उघडल्या. उजवा डोळा नितळ होता. डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. आई त्याचा उजवा डोळा झाकून त्या पांढऱ्या बुबुळासमोर पुन्हा पुन्हा बोटं हलवून बघायची आणि तो विचारायचा, "आई, काय करतेस?"

शेवटी एके दुपारी मी पोलकं आईपुढे टाकलं आणि सगळं सांगितलं. मला मार हवा होता. खरंच हवा होता.

आईने त्या लाल बाहीवरून हात फिरवला.

"देवी टोचणारा आपल्याकडे कधी आला होता?" तिने विचारलं.

"दिवाळीनंतर."

"तेव्हा बाळाला साधं पडसं होतं. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. लेकराला उगाच रडवू नका म्हटलं. तुझ्या बाबांना सांगितलं, टोचून झालं." तिचा आवाज चिरकला. "हे तू त्यांना सांगायचं नाहीस. तुझं मी सांगणार नाही."

आम्ही दोघींनी शब्द पाळला. बाबा जन्मभर देवाला बोल लावत राहिले.

भाऊ मोठा झाला. रस्त्याने जाताना आई न चुकता त्याच्या डाव्या बाजूला असायची, आणि ती नसली की मी. दोघी बरोबर असलो तर त्या एका बाजूसाठी आमची ढकलाढकली चालायची, आणि तो हसून म्हणायचा, "माझी उजवी बाजू काय ओवाळून टाकलीय?"