सातवा खंड

चष्म्याच्या दुकानात माणूस डोळे तपासायला जातो. कोशकाकांच्या दुकानात तो आणखी एका कामासाठी जायचा, आपलंच म्हणणं खरं आहे हे दुसऱ्याला दाखवून द्यायला. रस्त्यात दोघांची जुंपली, की तिसरा म्हणायचा, चला काकांकडे. मग तिघंही दुकानाच्या पायरीवर चपला काढून आत शिरायचे. चष्मा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मात्र चपला घालूनच यायचं.

दुकान अरुंद होतं. पुढे फ्रेमांचं काचेचं काउंटर, कोपऱ्यात लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, मागे भिंगं घासायचं यंत्र. त्या यंत्राचं पाणी आणि काचेची भुकटी मिळून जो पांढरा चिखल व्हायचा, तो काकांच्या नखांत, भुवयांत आणि चहाच्या कपाच्या कानात कायमचा बसलेला असे. एवढ्या राड्यात एकच जागा लख्ख होती, ती म्हणजे काचेच्या दारांचं कपाट. त्यात धर्म आणि इतिहास यांच्या महाकोशाचे बारा खंड उभे होते. तांबड्या कापडाची बांधणी, पाठीवर सोनेरी आकडे. संत, राजे, लढाया, देवता, साम्राज्यं, ती उभी कशी राहिली आणि बुडाली कशी, सगळं आत होतं. ज्या काळातल्या लोकांना शंकाच येत नसाव्यात, त्या काळातलं ते काम होतं.

गावाला या कपाटाचा कोण अभिमान! ज्यांच्या घरात विजेच्या बिलापलीकडे छापलेला कागद नव्हता, ते पाहुण्यांना घेऊन यायचे आणि कपाटाकडे बोट दाखवून सांगायचे, पूर्ण संच आहे. वाचला होता म्हणाल तर कोणीच नव्हता. नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पहिल्या खंडातलं एक पान अर्ध्या गावाने वाचलं होतं, कारण जवळचा नंबर काढताना काका तेच पान हातात द्यायचे. ते पान ‘अनुताप’ या नोंदीचं होतं. अक्षर पुसट झालं, की काका भिंग बदलायचे आणि नीट दिसायला लागलं, की पुस्तक काढून घ्यायचे. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला अनुताप अर्धाच माहीत होता.

काका स्वतः देवधर्मातले नव्हते. त्यांची सगळी श्रद्धा त्या कोशावर होती. कोशात आहे ते घडलं, नाही ते घडलं नाही, इतका साधा हिशेब. हात साबणाने धुतल्याशिवाय ते कपाट उघडत नसत. खंड काढायचे, पान शोधायचे आणि कोर्टातल्या निकालासारखं वाचून दाखवायचे. हरलेला माणूससुद्धा मान डोलवत जायचा. बायकोशी झालेल्या वादात मात्र त्यांनी कोश कधी काढला नाही, कारण काकूंना एक गोष्ट ठाऊक होती.

बारा खंडांपैकी सातवा खंड नव्हताच.

संच काकूंच्या मामांचा. मामा हेडमास्तर होते. मोठं घर सोडून मुलाच्या दोन खोल्यांत राहायला जाताना त्यांनी भाचीला तो देऊन टाकला. सातवा कोणीतरी वाचायला नेला होता आणि परत आणला नव्हता. अकरा खंडांमधलं ते खिंडार काकांना पडलेल्या दातासारखं सलायला लागलं. शेवटी त्यांनी भिंगांच्या कंपनीचा जाडजूड कॅटलॉग काढला, काकूंनी तांबड्या कापडाचं कव्हर शिवलं, काकांनी बारीक कुंचल्याने सोनेरी सात काढला. कपाट भरलं. फसवायचं कोणाला नव्हतं, नुसतं बरं दिसावं एवढंच.

पण सातवा खंड होता ‘प’पासून ‘फ’पर्यंत. म्हणजे पूर, प्रलय, प्रार्थना, प्रायश्चित्त सगळं त्यात. पाप आणि पुण्य दोन्ही त्यातच. माणसाला एरवी कोशाची गरज पडते ती आणखी कशासाठी?

पहिला आला बेकरीवाला. त्याच्या म्हाताऱ्या बापाला काही समजत नसे, उठून थेट भट्टीकडे चालू लागे. म्हणून भट्टी पेटली असताना तो बापाला खोलीत कोंडून ठेवायचा. एके दिवशी बाप त्या बंद खोलीतच गेला. बेकरीवाल्याने विचारलं, हे पाप झालं का, तेवढं बघून सांगा. काका म्हणू शकले असते, बाबा रे, हा खंड माझ्याकडे नाही. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. काकांनी हात धुतले, कॅटलॉग काढला, दोन नंबरांच्या भिंगांचं पान उघडलं आणि चेहऱ्यावरची रेघ हलू न देता वाचलं, “जे रक्षणासाठी केले, ते पाप नव्हे. असे करणाऱ्याने स्वतःस दोष देऊ नये.” बेकरीवाला स्टुलावर बसून पोटभर रडला.

जेवताना काकांनी हे सांगितलं. काकू म्हणाल्या, चांगलं केलंत, पण अहो, सवय लावून घेऊ नका. काकांनी सवय लावून घेतली. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते जमायचंही फार छान. अकरा खंड वाचून वाचून ती भारदस्त भाषा त्यांच्या जिभेवर बसली होती. शिवाय सातव्या खंडातलं पाप गावाला परवडण्यासारखं असायचं.

इथवर सगळं ठीक होतं. मग न्हाव्याने तो प्रश्न विचारला. शेजारच्या गावावर चौथ्या खंडात तीन रकाने होते. तिथे कुठली तरी मोठी लढाई झाली होती आणि तिथले लोक दाढीला आले तरी ती लढाई सांगायचे. न्हावी कातावला होता. आपल्या गावावर काय लिहिलंय, असं त्याने भर दुकानात विचारलं. गावाची नोंद होती सातव्या खंडात.

काकांनी कॅटलॉग उघडला. दुकानात सातआठ माणसं श्वास रोखून उभी. नुसत्या दोन ओळी वाचून त्यांना परत पाठवायचं काकांच्या जिवावर आलं. त्यांनी वाचलं, की एक राजा ससैन्य स्वारीवर निघाला असता येथवर आला. त्याचा घोडा पुढच्या डाव्या पायाने लंगडत होता. चौकातल्या विहिरीवर एक साधू पाणी शेंदत होता. त्याने राजाला पाणी दिले व म्हटले, तहान भागली असेल तर आता घरी जा. राजा परतला. न लढता परतलेला तो एकच राजा होय.

लंगडणारा घोडा काकांना ऐन वेळी सुचला होता. त्याच्यामुळे सगळं खरं वाटलं. न्हाव्याचे डोळे भरून आले. त्याच आठवड्यात विहिरीतला कचरा निघाला. मग तिला कठडा झाला. शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनी काकांच्या तोंडून सगळं लिहून घेतलं आणि मुलांचं नाटक बसवलं. त्यात घोड्याच्या पुढच्या पायांचं काम करणारा मुलगा इतकं सुंदर लंगडला, की त्यालाच बक्षीस मिळालं. न्हाव्याने पुढे असं काढलं, की राजाची दाढी इथे त्याच्या खापरपणजोबांनी केली होती. काकांनी एकदा दबक्या आवाजात म्हणून पाहिलं, की कोशात तसं नाही. न्हावी म्हणाला, सगळंच कोशात कुठे असतं.

वर्षं गेली. काकांचे केस पांढरे झाले, भुकटीने की वयाने ते कळण्याच्या आत. आणि एक दिवस नगराध्यक्ष पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आले. त्यांच्याकडे दोन आनंदाच्या बातम्या होत्या. विहिरीपाशी दगडी स्मारक उभं राहत होतं, हा पहिला आनंद. दुसरा म्हणजे महाकोशाची नवी आवृत्ती निघाली होती आणि नगरपालिकेने अख्खा संच मागवला होता. उद्घाटनाच्या दिवशी नव्या सातव्या खंडातून गावाची नोंद काकांनीच सर्वांसमोर वाचायची.

काकांची पाचावर धारण बसली. पेढा त्यांनी तसाच काउंटरवर ठेवला. जन्मभर मिळवलेलं नाव एका पानावर जाणार होतं आणि ते पान स्वतः उघडून स्वतःच मोठ्याने वाचायचं होतं. पुढचे काही दिवस त्यांनी लोकांना भलत्याच नंबरांचे चष्मे दिले. काकू म्हणाल्या, जाऊन सांगून टाका. तोंड काळं व्हायचं तर चारचौघांत होण्यापेक्षा एकासमोर झालेलं बरं.

काका कॅटलॉग पिशवीत घालून नगरपालिकेत गेले. नगराध्यक्षांच्या टेबलावर त्यांनी तो ठेवला, कव्हर काढलं, आतली भिंगांची चित्रं दाखवली आणि सगळं सांगितलं. राजा मी केला, साधू मी केला, घोडाही माझाच. नगराध्यक्षांनी कॅटलॉग चाळला, एका फ्रेमची किंमत विचारली आणि कव्हर पुन्हा नीट चढवून दिलं.

“काका, थोर माणसांना शेवटी असंच वाटायला लागतं,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त वेळेवर या. आणि जाकीट घाला.”

कबुली द्यायची आणि ती कोणी घ्यायची नाही, यासारखी पंचाईत नाही. काकांनी मग मनाशी ठरवून टाकलं, की पुस्तकात असेल ते वाचायचं आणि वाचून झाल्यावर तिथेच हात जोडून सांगायचं, की लोकहो, मी खोटं बोललो. हे ठरल्यावर त्यांना बरं वाटलं. खोटे आपण आहोत, कोश खरा आहे. जगाची घडी तर बिघडलेली नाही.

समारंभाला शेजारच्या गावाचे लोकही मुद्दाम बोलावले होते, जळावेत म्हणून. काकांच्या हातात नवाकोरा खंड दिला गेला. त्याला डिंकाचा वास येत होता. त्यांनी पान शोधलं, नाकावरचा चष्मा सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली.

“एक राजा ससैन्य स्वारीवर निघाला असता येथवर आला.”

काका थांबले. लोकांना वाटलं, गहिवरले. त्यांनी पुढची ओळ पाहिली. घोडा लंगडत होता. पुढच्या डाव्या पायानेच लंगडत होता. साधू होता, पाणी होतं, घरी जा म्हणणं होतं, एक शब्द इकडचा तिकडे झालेला नव्हता. काकांनी सगळं वाचलं, कारण आता दुसरं करायचं तरी काय? टाळ्या थांबेनात. हात जोडायला ते पुढे झाले, पण छापील पुस्तक हातात धरून ते खोटं आहे असं म्हणायचं कसं, ते त्यांना सुचेना. त्यांनी नुसतेच हात जोडले. मग आणखी टाळ्या झाल्या.

मंडपामागे त्यांनी नगराध्यक्षांना गाठलं. नगराध्यक्षांनी मोकळेपणाने सांगितलं, की प्रकाशकांचं पत्रक सगळ्या नगरपालिकांना आलं होतं, आपापल्या गावाची माहिती कळवा म्हणून. सोबत जोडलेल्या जुन्या नोंदीत गावात पाहण्यासारखं काही नाही आणि विहिरीचं पाणी खारट आहे, एवढंच होतं. तेव्हा त्यांनी शाळेतल्या बाईंकडचा कागद पाठवून दिला. आधार म्हणून एक ओळ मागितली होती, तिथे लिहिलं, हाच कोश, खंड सातवा.

“आणि त्यांनी तपासलं नाही?” काकांनी विचारलं.

“काका, कोशाला कोण तपासतो?” नगराध्यक्ष म्हणाले आणि पाहुण्यांना निरोप द्यायला गेले.

काका दुकानात आले. हात न धुताच त्यांनी कपाट उघडलं आणि आपला जुना पहिला खंड काढला. त्याची प्रस्तावना त्यांनी कधी वाचली नव्हती, प्रस्तावना कोण वाचतो? ती त्यांनी उभ्याउभ्या वाचली. जुन्या संपादकांनी नम्रपणे लिहिलं होतं, की ठिकठिकाणच्या जाणकार गृहस्थांनी जी माहिती कळवली, ती आम्ही पूर्ण विश्वासाने जशीच्या तशी छापली आहे. मग त्यांनी चौथा खंड काढला आणि शेजारच्या गावाची लढाई उघडली. ती त्यांनी शंभरदा वाचून दाखवली असेल. सेनापती पडला तेव्हा त्याचा हत्ती गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आले, असं तिथे लिहिलं होतं.

मागच्या खोलीतून काकू शेंगा सोलत सोलत बाहेर आल्या. काकांनी ती ओळ त्यांना वाचून दाखवली.

“डावाच डोळा,” काका म्हणाले. “हे कोणी पाहिलं असेल गं?”

काकूंनी एक शेंग सोलली. “असेल तिथला एखादा चष्मेवाला.”

काकांनी खंड मिटला. कपाटातल्या बाकीच्या खंडांकडे त्यांनी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

“मला वाटायचं, खोटा मी एकटाच आहे,” ते म्हणाले. “त्याचाच आधार होता.”

आणि ते रडले. मामा गेले तेव्हा नाही, स्वतःचे वडील गेले तेव्हा नाही, ते आत्ता बेकरीवाल्याच्या त्या स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. काकूंनी शेंगांची परात खाली ठेवली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. समारंभाहून परतणाऱ्या न्हाव्याने ते दारातून पाहिलं. त्याने सगळ्या गावाला सांगितलं, की गावाचं नाव झालं आणि काकांना आनंद आवरला नाही.