जुन्या डिस्कची तीन भोकं

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली ‘वैद्य’ म्हणायची, कारण स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी तो मशीनला कान लावायचा. पंखा घरघरतोय की डिस्क कुरकुरतेय, हे त्याला नुसतं ऐकून कळायचं. नवा लॅपटॉप घ्या, असं तो सहसा सांगत नसे. “म्हातारं झालं म्हणून घरातलं माणूस बदलतं का कुणी?” असं खेकसून तो रॅम वाढवायचा, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायचा, पंख्यातली धूळ झाडायचा. दहा वर्षांचं डबडं थोडक्या खर्चात पुन्हा धावायला लागायचं.

त्याचा एक नियम होता. काढलेल्या डिस्कला ड्रिलने तीन भोकं पाडायची, मगच भंगारात टाकायची. लोकांची गुपितं परक्याच्या हाती लागू नयेत म्हणून. इतक्या वर्षांत जुनी डिस्क परत मागायला कुणी आलं नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला विचारायची पद्धतच त्याने ठेवली नव्हती.

एका सकाळी एक काकू नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन आल्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं.

“सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं घेतो. कधी बंद पडेल, भरवसा नाही. पण यांचं यातलं काही म्हणजे काही जाता कामा नये.”

वैद्याने कान लावला. आतली तबकडी घर्र करून फिरायची, अडखळायची, पुन्हा फिरायची. कुणीतरी गाढ झोपल्यासारखं वाटत होतं.

“काकू, डिस्कचे दिवस भरलेत. पण सगळं जसंच्या तसं नव्यावर उतरवून देतो. निर्धास्त राहा.”

दुपारी ते काम चालू असताना त्याची बायको डबा घेऊन आली. दारातूनच तिने हाक मारली, “अहो!”

घरघर एकदम थांबली. मग आतून दोन बारीक ठोके आले. टक, टक.

“घ्या! हाक मला, आणि ओ यानं दिली,” वैद्य हसला.

बायकोला हसू आलं नाही. “बंद करा ते,” म्हणाली आणि डबा ठेवून निघून गेली. वैद्यालाही घास गोड लागेना. काम संपताच त्याने नेहमीसारखा कानात कापूस कोंबला, डिस्क पकडीत आवळली आणि ड्रिल चालवलं. तीन भोकं पडल्यावर त्याला उगाचच हायसं वाटलं.

लॅपटॉप घरी नेल्याच्या तिसऱ्या दिवशी काकू परत आल्या. डोळे सुजले होते.

“फोटो, पत्रं, सगळं आहे. चुटकीसरशी सुरूही होतो. पण हे नाहीत त्यात.”

वैद्याला कळेना.

“शेवटी यांची वाचा गेली होती. मी ‘अहो’ म्हटलं की या लॅपटॉपवर बोटाने दोनदा टकटक करायचे. हे गेल्यावरही मी तो उशाशी सुरू ठेवून ‘अहो’ म्हणायचे, आणि आतून टकटक यायची. मग झोप लागायची मला. आता डोळ्याला डोळा नाही. ते जुनं काढलेलं द्या.”

भंगाराच्या डब्यातून वैद्याने डिस्क काढली. भोकं आधी बोटांनी झाकली, मग त्याचीच लाज वाटून हात बाजूला घेतला.

“चुकलं माझं, काकू. विचारायला हवं होतं.”

काकूंनी एकेका भोकावरून बोट फिरवलं. डिस्क तोंडाजवळ धरून त्या हलकेच म्हणाल्या, “अहो.”

ना वायर, ना वीज. बराच वेळ काहीच नाही. मग टक. आणि खूप उशिराने, टक. वैद्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“आहेत,” काकू म्हणाल्या. “पण आवाज खोल गेलाय.” त्यांनी डिस्क रुमालात गुंडाळली, तान्ह्या मुलासारखी छातीशी घेतली. पायरी उतरताना मात्र त्या थबकल्या, वळल्या.

“भोकं पाडताना काही म्हणाले का हो?”

“माहीत नाही, काकू,” वैद्य म्हणाला. “माझ्या कानात कापूस होता.”