शेवटच्या महिन्यातली गावं

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या गृहस्थांना क्लबात सगळे पंच म्हणत. बोटभर उंचीचे सैनिक टेबलावर मांडून जुन्या लढाया खेळणाऱ्यांचा तो क्लब. मोहीम रचायची ती पंचांनी: महिन्यामागून महिना चालणारं अख्खं युद्ध, नकाशा, रस्ते, गावं, धान्य, सगळ्यासकट. बायको गेल्यापासून त्यांचा जीव दोनच गोष्टींत होता, मोहिमेत आणि लेकीत. यंदा मोहीम लेकीच्या हवाली करायची आणि आपण मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. लेकही क्लबात खेळायची आणि त्याच आशेवर होती.

खेळाडू आठ होते तेव्हा मजा होती. सैन्याला धान्य हवं असेल तर सेनापतीने बाहेर व्हरांड्यात यायचं आणि गावकऱ्यांशी बोलायचं. गावकरी म्हणजे पंचच. ते रडत, खोटं बोलत, पोती लपवत, आणि भलाभला सेनापती निम्म्या धान्यावर परत जाई. मग आला सेक्रेटरी. विमा विकणारा माणूस, त्याला कुठलीही गोष्ट आहे तेवढी बघवत नसे. त्याने साठ खेळाडू गोळा केले, तीन हॉल घेतले आणि म्हणाला, "पंच, साठ जणांपुढे तुम्ही किती रडणार? नियम करून टाका की." पंचांनी नाक मुरडलं, पण केला. गाव राखलं तर दर महिन्याला थोडं धान्य. जाळलं तर एकदाच, पण भरपूर; आणि गुण मोजायचे ते धान्यावर. दर महिन्याला देणारं गाव कोण जाळेल, असा त्यांचा हिशेब.

हिशेब बरोबरच होता, शेवटचा महिना येईपर्यंत. हॉल कधीपर्यंत मिळालेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचा महिनाच नाही म्हटल्यावर राखायचं कशाला? त्या रविवारी जो तो गावांवर तुटून पडला. चांगली शिकलेली, घरी कुंड्यांना पाणी घालणारी माणसं, वेफर्सच्या तेलकट बोटांनी पुठ्ठ्याची चिमुकली घरं उचलून खोक्यात भिरकावत होती. लहान मुलांचा डॉक्टर म्हणाला, "बरं झालं, टेबल मोकळं झालं." एकाने जळत्या गावाचा आवाज तोंडाने काढून दाखवला, बाकीचे खिदळले. पंचांना शिसारी आली. खेळच आहे, कुणाचं काही जळत नाही, हे त्यांना कळत होतं. तरी त्या लोकांशी हात मिळवायला नको वाटत होतं. त्यातून सेक्रेटरी पाठीवर थाप मारून म्हणतो, "काय रंगलंय हो! पुढच्या वर्षी शंभर जण आणतो!"

एक तरी गाव शाबूत दिसावं म्हणून ते टेबलामागून टेबल धुंडत निघाले. लेकीचं टेबल त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

तिथे एकही घर नव्हतं. आणि ती जिंकली होती.

"बाबा, बघितलंत?" तिचा चेहरा फुलला होता. "इतरांना फक्त शत्रूची गावं सुचली. मी आपलीसुद्धा जाळली. नियमात कुठे मनाई नव्हती."

"नव्हती," पंच म्हणाले.

"मग असं तोंड का करताय?"

"एक तरी ठेवायचं होतंस."

"कशासाठी? शेवटच्या महिन्यात गाव राखण्याला तुम्ही एक गुण तरी ठेवला होता का?"

नव्हता ठेवला. त्यांना ते सुचलंच नव्हतं, आणि सुचलं असतं तरी ठेवला नसता. बाकीच्या सगळ्यांचा त्यांना नुसता वीट आला होता. इथे मात्र ते मोकळ्या टेबलावर अजून एक तरी घर शोधत होते.

"नकाशे मला आजच देताय ना?" तिने विचारलं.

पंचांनी नकाशांची गुंडाळी काखेत मारली, तिच्यासमोरून हॉल ओलांडला आणि सेक्रेटरीच्या हातात दिली.

"अहो, मोहीम लेकीला देणार होतात ना?" सेक्रेटरी चक्रावला.

"तुम्हीच ठेवा," लेकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पंच म्हणाले. "तुमच्याकडून मी कधी काही अपेक्षाच केली नव्हती."