सतरा नंबर

अलेक्झांड्रियात अत्तारीन भागातल्या एका गल्लीत इन्शिराह कपडे शिवायची आणि रस्त्यात सापडेल ते अंगावर मिरवायची. कानांत चहाचे चमचे, गळ्यात झुंबराचे लोलक. कोटाला नऊ बटणं, नऊ जातींची, त्यांतलं एक बुद्धिबळातलं प्यादं. लोक हसायचे. ती मात्र अर्धा तास आरशासमोर घालवल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसे.

गल्लीतली सतरा नंबरची इमारत पाडली, तेव्हा ढिगाऱ्यात तिला नंबराची निळी पाटी मिळाली. ती तिने काळ्या कोटावर टाचली. दुसऱ्या दिवशी टपालवाले बयूमीचाचा तिच्यासमोर थांबले, चष्मा सावरून पाटी वाचली आणि चार पत्रं तिच्या हातात ठेवली.

"चाचा, ही माझी नाहीत."

"पत्ता सतरा नंबरचा आहे. सतरा नंबर तुमच्याकडे आहे. तीस वर्षं मी पाटी बघून पत्र देतोय, बाई."

इन्शिराहनं पांगलेले भाडेकरू हुडकून काढले. मग दर गुरुवारी ते पत्रांसाठी तिच्या दुकानात जमू लागले. तिसऱ्या मजल्यावरची उम्म हानी आणि तळमजल्यावरचे हाजी मुतवल्ली यांचं जुनं भांडणही तिथंच पुन्हा जुंपलं: जिना धुवायची पाळी कुणाची? आता जिनाच उरला नाही, असं इन्शिराहनं समजावून पाहिलं.

"नाही म्हणून काय धुवायचाच नाही?" हाजी म्हणाले.

वसंतात तिने पिस्त्याच्या रंगाचा झगा शिवला. त्यावर निळी पाटी काही केल्या शोभेना. ती पाटी घरी ठेवून निघाली. बयूमीचाचांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, पत्रांवर 'घर जागेवर नाही' असं लिहिलं आणि सगळी पत्रं परत पाठवली. त्यांत उम्म हानीच्या मुलाचं कुवेतहून आलेलं पत्रही होतं.

"तुझी मेली फॅशन होते, आणि माझ्या पोराचं पत्र आल्या पावली परत जातं," उम्म हानी म्हणाली.

इन्शिराह ओशाळली. पण या रंगावर निळं जात नाही, यावर ती ठाम होती. भाडेकरूंची बैठक बसली. झगा हातोहात फिरला. अखेर उम्म हानी म्हणाली, पिवळा चालेल. आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच हाजींनी तिच्या म्हणण्याला मान डोलावली. उम्म हानीनं घरातला पिवळा पडदा आणून दिला.

इन्शिराहनं त्याचा झगा शिवला, पाटी टाचली आणि तासभर आरशासमोर उभी राहिली. महिन्याभरात कुवेतचं पत्र पुन्हा आलं. उम्म हानीनं ते तिथंच फोडलं, दोनदा वाचलं, मग हळूच म्हणाली, "पोरी, जरा समुद्राकडे तोंड करून उभी राहा. आमच्या मजल्यावर वारा तिकडूनच यायचा."

इन्शिराह वळून उभी राहिली.